पैलतीराला न उतरणारे वकील

मंगळवार पेठ, कोल्हापूर
९ डिसेंबर १९७४

प्रिय कालिंदी,

तुझ्या प्रमोदिनीचा मनापासून नमस्कार. तुझ्या यजमानांना, भाऊसाहेबांना नमस्कार लिहावा की नाही याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत, म्हणून मी लिहून ठेवते. पोचवायचा की नाही ते तू त्यांचा चेहरा बघून ठरव. तुझा गुडघा कसा आहे? खाडीच्या दमट हवेनं जास्तच धरतो, असं लिहिलं होतंस. एरंडेल चोळून गरम विटेनं शेकत जा आणि देवघरात पाटावर बसणं बंद कर. देव काही रागावत नाही. इकडे थंडी छान पडली आहे, गुऱ्हाळं सुरू झाली आहेत. आमच्या आक्कांचा (म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीचा) खोकला आहे तसाच आहे, आणि आवाजही. बाकी सर्व क्षेम. फक्त तुझ्या बंडूचं आणि माझ्या नंदिनीचं लग्न मोडायला टेकलं आहे.

खरं तर या पत्राच्या डोक्यावर ‘विहीणबाई’ असं लिहायचं मी केव्हापासून योजून ठेवलं होतं. बेळगावच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात शेजारी-शेजारी खाटा असलेल्या दोन मुली, एकीनं दुसरीच्या वेण्या घालायच्या, रविवारी भाताबरोबर मिळणारं ते पांचट सूप एकमेकींच्या वाटीत लोटायचं, आणि पुढं त्या विहिणी व्हायच्या! आपण दोघींनी एवढी वर्षं पत्रं लिहून, फोटो पाठवून, पत्रिका जुळवून सगळं ठरवलं. दोन्ही नवऱ्यांना फक्त तारीख सांगितली. तिथंच आपलं चुकलं. त्यांची आधी गाठ घालून द्यायला हवी होती, आणि तीही कोरड्या जमिनीवर.

साखरपुड्याच्या दिवशी तू समया लावून, रांगोळी घालून आमची वाट बघत बसली होतीस आणि आम्ही आलोच नाही. तुझ्या कानावर आलं ते भाऊसाहेबांच्या तोंडून, म्हणजे सरकारी भाषेत. माझ्या भाषेतही एकदा ऐक.

आमच्या अप्पांचा (सारी मंगळवार पेठ माझ्या नवऱ्याला अप्पा म्हणते, मीही पत्रात तेच लिहिते, नाव घ्यायला उखाणा लागतो आणि सध्या तसा मूड नाही) छंद मी तुझ्यापासून लपवला होता. कुणाचा नवरा पत्ते खेळतो, कुणाचा तमाशाला जातो. सांगता येतं. माझा नवरा मोटार वाहून नेणाऱ्या फेरीबोटींचे फोटो काढतो, हे कुणाला कसं सांगायचं? तुमच्याकडे जिला जंगार म्हणतात ना, दोन होड्या शेजारी बांधून वर फळ्यांचा माचा, तीच. पंचगंगेवर पूल असल्यामुळे हा आजार घरबसल्या होत नाही, त्यासाठी घाट उतरावा लागतो. वकिलीतून सवड मिळाली की अप्पा आमची जुनी मॉरिस काढतात, आम्हाला आत कोंबतात आणि कुठल्यातरी खाडीवर नेऊन उभे करतात. मोटार बोटीवर चढताना एक फोटो, चढल्यावर एक, पाण्याच्या मधोमध एक. आम्ही गोव्याला कितीदा गेलो, पण देऊळ नाही पाहिलं की चर्च नाही पाहिलं. पुतण्याच्या लग्नात फोटोचं काम यांच्याकडे दिलं होतं, तर वऱ्हाड नदी ओलांडून आलं हे कळताच गृहस्थ काठावर जाऊन बसले. त्या अल्बममध्ये बोट सर्व बाजूंनी आहे, नवऱ्या मुलीचा फक्त कोपर आहे. तिच्या आईनं तो कोपर मोठा करून भिंतीवर लावला आहे.

आणि यातला खरा धर्म असा, की पलीकडे उतरायचं नाही. बोट पैलतीराला लागली की मोटारीचं तोंड फिरवून त्याच बोटीनं परत यायचं. पलीकडे काय आहे हे या माणसाला ठाऊक नाही, आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. गेल्या वर्षी भाऊसाहेबांची बदली तुमच्या खाडीवर झाली, त्यानंतर दोनदा मी तुझ्या काठापर्यंत आले होते, कालिंदी. तू लिहिलं होतंस तसं माडांमागचं कौलारू छप्पर दिसलं. वाळत घातलेली हिरवी साडी दिसली. मी म्हटलं, अहो, पाच मिनिटं उतरू या, माझी मैत्रीण राहते. तर म्हणाले, “बोट सुटते आहे.” बोट सुटली. तुझी साडी लहान लहान होत गेली.

म्हणून साखरपुड्याला निघताना मी शपथ घालून ठेवली होती, की आज एकदाच चढायचं आणि पलीकडे उतरायचं. कबूल झाले. वकिलाचं कबूल.

आमच्याबरोबर नंदिनी होती, आक्का होत्या आणि गाडी चालवायला आकाराम होता (अप्पा स्वतः चालवत नाहीत, हात कॅमेऱ्यासाठी मोकळे लागतात). मागं पोत्यात ओटीचे नारळ होते. आता तू हसशील. कोल्हापूरची माणसं कोकणात नारळ घेऊन निघाली! पण आक्कांनी ते जोतिबाच्या डोंगरावर जाऊन देवाच्या पायाला लावून आणले होते, गुलालानं नुसते माखलेले. मी म्हटलं, वन्सं, तिथं परसात माड आहेत. तर म्हणाल्या, “माड असत्याल गं, पर जोतिबा हाय का तितं?” यावर कॉन्व्हेंटमध्ये काही उत्तर शिकवलेलं नव्हतं. शिवाय नंदिनीसाठी हुपरीला मुद्दाम करून घेतलेले चांदीचे तोडे होते, ते मी माझ्या जुन्या मोज्यात घालून सीटखाली खुपसले होते. प्रवासात दागिना मोज्यात ठेवावा, हे मला वसतिगृहातल्या मदरनीच शिकवलं होतं. देव त्यांना सद्गती देवो.

खाडीवर पोचलो तेव्हा मुहूर्ताला अवकाश होता, आणि हाच अवकाश घात करून गेला. अप्पा म्हणाले, ऊन चांगलं आहे, एकच फेरी. गेलो, पलीकडे लागलो, परत आलो. मग म्हणाले, मघाशी मधे खांब आला. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. नंदिनी जरीचं नेसून मागं घामाघूम, आक्का आवळा चोखत गप्प (हे लक्षण वाईट). आकाराम शेवटी म्हणाला, “वकीलसायेब, आता तरी उतरायचं न्हवं? तांडेलसुदिक हसाय लागलाय की!” पण तेवढ्यात अप्पांना पलीकडच्या धक्क्याशी कस्टमची लाँच दिसली. फेरीबोट आणि तिच्यामागे लाँच, असा फोटो त्यांच्याकडे नव्हता.

तिसऱ्या खेपेला दोन शिपाई मोटारीला आडवे आले. त्यांचं तरी काय चुकलं? रोज रात्री-अपरात्री किनाऱ्यावर घड्याळं उतरताहेत, सोनं उतरतंय, आणि एक कोल्हापूरची गाडी सकाळपासून येते, उतरत नाही, लाँचचा फोटो काढून परत जाते! त्यांनी विचारलं, “कुठं जायचंय?” आणि माझ्या नवऱ्यानं, जन्मात कोर्टात कधी इतकं खरं बोलला नसेल तो माणूस, शांतपणे सांगितलं, “कुठंच नाही.”

चौकीवर नेलं. पोतं उघडलं. कोकणात नारळ! तेही गुलालाचे! एक शिपाई दुसऱ्याला म्हणाला, “अरे, हे आत कायतरी घालून वरून रंगवलेले आसतले.” मग मोजा निघाला, मोज्यातून चांदी निघाली, आणि साहेबांना घरी बोलावणं गेलं. साहेब आले ते रेशमी सोवळं, वर कोट आणि डोक्यावर सरकारी टोपी अशा वेषात, भयंकर घाईत. घरी पाहुणे यायचे होते ना, म्हणजे आम्ही! भाऊसाहेबांना मी पाहिलं होतं ते तुझ्या लग्नात, मुंडावळ्यांआडून. तेव्हा केस होते. तरी ते सोवळं बघून माझ्या लक्षात आलं. मी पुढं होऊन म्हणाले, अहो, ऐकता का, आम्ही—

“बाईंनी मधे बोलू नये,” भाऊसाहेब म्हणाले.

“तू मधे बोलू नकोस,” अप्पा म्हणाले.

एका सुरात, कालिंदी. जन्माची ओळख असल्यासारखे. दोघांचं त्या दिवशी एकमत झालं ते एवढंच. मी आणखी एकदा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग मी बाकावर जाऊन बसले, हात मांडीवर जुळवून, मदरनी शिकवलं होतं तसं. दोन शहाण्या पुरुषांना एका बाईनं किती वाचवायचं?

नाव विचारलं तर अप्पा म्हणाले, कोणत्या कलमाखाली विचारता ते आधी सांगा. भाऊसाहेबांनी कलम सांगितलं. अप्पांनी त्याचं पोटकलम सांगितलं. भाऊसाहेबांनी नारळ फोडायचा हुकूम सोडला. पहिला टेबलाच्या कडेवर फुटला, पाणी पंचनाम्याच्या कागदावर सांडलं. दुसरा फुटला. आत सोनं कुठलं, खोबरं! तिसऱ्याला आक्कांच्या तोंडातला आवळा संपला.

“अवो पावणं,” त्या अशा कडाडल्या की धक्क्यावरची माणसं दारात जमली, “नारळ फोडायचं तर द्येवाम्होरं फोडा की! टेबलावर कशापायी फोडतायसा? पोरीच्या ओटीचं नारळ हायती ते! ह्या गावात साकरपुडा हाय आमच्या पोरीचा, कस्टमच्या सायबाच्या घरात! बोलवा त्या सायबाला, बघतेच मी!”

साहेब समोरच उभे होते. हातात अर्धी करवंटी होती.

यानंतर दोघांनी माफी मागितली असती तर आज मी तुला लग्नाच्या याद्या पाठवत असते. पण भाऊसाहेब म्हणाले, दिवसभर बोटीतून कुठंही न जाणाऱ्या माणसाच्या घरात वेड असणार, माझ्या मुलाचं काय होईल? अप्पा म्हणाले, ओटीचे नारळ फोडणाऱ्याच्या घरात माझी मुलगी देणार नाही. मुहूर्त निघून गेला. कॅमेऱ्यातला रोल भाऊसाहेबांनी जप्त केला. आम्ही त्याच बोटीनं परत आलो, आणि खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. तुझं छप्पर पुन्हा लहान होत गेलं, आणि या खेपेला कायमचं, असं वाटलं.

तेव्हापासून नंदिनीच्या लग्नाचा विषय काढला की अप्पा अल्बम उघडतात. तू लिहिलंस की भाऊसाहेब फाईल उघडतात. मुलाची बाजू म्हणून आधी तुम्ही माफी मागायची नाही, आणि चूक तुमची म्हणून आम्ही मागायची नाही. अशा कारणावरून मुलीचं आयुष्य अडकून पडावं, आणि त्यालाच घराण्याचा मान म्हणावं! आपल्या दोघींची मैत्री यांच्या मानापेक्षा जुनी आहे. पण तिला टोपी नाही.

एक मात्र तुलाच सांगते. या बोटींना मी इतकी नावं ठेवते, पण अप्पांनी चल म्हटलं की आधी मी चपला घालते. पाण्याच्या मधोमध मला कुणी चहा मागत नाही, कुणी किल्ली कुठे आहे विचारत नाही, आणि तो माणूस कॅमेऱ्यातून बघत असतो तेव्हा पंचविशीतला दिसतो. असो.

बंडूला आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझीच,
प्रमोदिनी

ता. क. — भाऊसाहेबांच्या कपाटातून तो रोल मिळाला तर बघ. अप्पा मुलीच्या लग्नाबद्दल बोलत नाहीत, पण रोलबद्दल झोपेतही बोलतात.

ता. क. — आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. रोल परत मिळावा म्हणून येत्या रविवारी अप्पा आकारामला घेऊन तुमच्याकडे माफी मागायला निघणार आहेत. विश्वास ठेवू नकोस. ऊन चांगलं असलं की ते फेऱ्या मारत बसणार. तू भाऊसाहेबांना शनिवारी सहज सांग, की ती कोल्हापूरची संशयास्पद गाडी पुन्हा येणार असं कानावर आलंय, तुम्ही स्वतः बोटीवर पाळत ठेवा. ते चढतील. मग छंदापायी अप्पा उतरणार नाहीत आणि संशयिताच्या आधी उतरणं भाऊसाहेबांच्या हुद्द्याला शोभणार नाही. मी, आक्का आणि नंदिनी आदल्या दिवशीच एसटीनं येऊन खाडीच्या अलीकडे माझ्या मावसबहिणीकडे मुक्काम करू आणि सकाळी पहिल्या होडीनं तुझ्या दारात हजर होऊ. साखरपुडा उरकून टाकू. भटजी कर्ते पुरुष कुठे म्हणून विचारतील. सांग, दोघेही गावातच आहेत, सध्या पाण्यावर आहेत.

ता. क. — एवढी अक्कल मला कुठून आली, असं तुला वाटेल. बेत नंदिनीचा आहे, आणि तुझ्या बंडूचा. त्या दिवशी वडिलांचा घरी राहिलेला चष्मा घेऊन बंडू चौकीवर आला होता म्हणे, आणि आत कलमं-पोटकलमं चालली होती तेव्हा ही दोघं मागच्या पायरीवर बसून बोलत होती. आपण इथं काळजीनं वाळत चाललो आहोत, आणि ही मुलगी काल मला म्हणते, “आई, बाबा आणखी थोडा वेळ भांडले असते ना, तर आम्ही लग्नाची तारीखसुद्धा ठरवून टाकली असती.”