मंगोलांची जहाजं आणि निखिलची केटी

मंगळवार, १८ नोव्हेंबर, पार्सिपनी

ते सुतार काही डोक्यातून जात नाहीत. नातीचा, सईचा, शाळेचा प्रोजेक्ट मंगोलांच्या आरमारावर आहे. घोड्यावरची माणसं समुद्रात उतरली कशी, मी विचारलं. "आजी, दे डिडन्ट नो शिप्स. जिंकलेल्या लोकांकडून बनवून घेतली." चीनमधले, कोरियातले सुतार. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी नुसते राजे पाठ करून घेतले, सुतार कधी शिकवलेच नाहीत.

जेवताना निखिल म्हणाला, "आई, या महिन्यात मी केटी देतोय." "पुन्हा केटी?" मी विचारलं. इंजिनिअरिंगला गणितात नापास होऊन केटी लागली होती, तेव्हा पोर किती घाबरलं होतं. तो हसला. "ती केटी नाही गं. माझं सगळं काम नव्या टीमला शिकवायचं, त्याला म्हणतात." मीही हसले. सून हसली नाही.

सईने विचारलं, "बाबा, शिप्स झाल्यावर त्या सुतारांचं काय झालं?"

निखिलने हातातला घास ताटात ठेवला. "पुस्तकात बघ," म्हणाला.

इथे परदेशात नोकरी गेली की व्हिसाही जातो, एवढं मला कळतं. शिकवून झाल्यावर तुझं काय, हे विचारायला जीभ रेटली नाही. गणिताचा निकाल लपवला होता, त्या दिवशीही त्याने घास असाच खाली ठेवला होता.