दोन गाद्यांवरचं लग्न आणि घराची वाटणी

थोरल्या, तुझी कंबर कशी आहे? ताई, तुझा खोकला थांबला का? जावईबापूंचा गुडघा? आणि नातीचा पडलेला दात उगवला की अजून खिडकी उघडीच? सगळे बरे असाल असं धरून पुढचं लिहितो.

मी, गाद्या-उश्या शिवणारा, तुम्हा दोघांचा बाप, शाळेत फार न टिकलेला पण वाचून-लिहून शहाणा झालेला, डोकं ठिकाणावर ठेवून, कुणाच्या धाकात किंवा भुलावणीत न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. याआधी तोंडी काही बोललो असेन तर ते रद्द समजावं. डोकं ठिकाणावर आहे, मन मात्र परवापासून थाऱ्यावर नाही. तेही नोंदवतो.

कलम पहिलं. दुकान आणि वरच्या दोन खोल्या थोरल्याला व ताईला निम्म्या-निम्म्या. अट कसलीही नाही. मोरीचा नळ गळतो, तेवढा बघावा.

कलम दुसरं. दाभणं, सुया आणि पिंजायचं यंत्र शेजारच्या शिंप्याला. मोठी कात्री सोडून. त्या कात्रीने त्याने एकदा पुठ्ठा कापला होता. साक्षीदार म्हणून तो इथेच बसलाय आणि खांद्यावरून वाचून म्हणतोय, "अहो, मरताना तरी विसरा!" मी म्हटलं, "मरतोय कोण? आणि पुठ्ठा तो पुठ्ठाच."

कलम तिसरं. माझी बचत माझ्या बायकोला. तुम्ही तिला 'ती परदेशी' म्हणता, म्हणून स्पष्ट लिहितो : बायकोला. तुमची आई गेल्यावर घर खायला उठायचं. इस्पितळात गाद्या पोचवायला जायचो, तिथल्या धुलाईखान्यात ही चादरींना इस्त्री करायची. तिची भाषा मोडकी, माझे कान मोडके, त्यामुळे भांडणच होईना. रीतसर नोंदणी करून लग्न केलं. इथल्या माणसाशी लग्न झालं की परदेशी माणसाला इथे राहायचा हक्क मिळतो. पण लग्न खरं का खोटं, ते सरकार घरी येऊन बघतं. म्हटलं, बघू दे. कर नाही त्याला डर कशाला?

परवा तपासणीवाल्या बाई आल्या. पलंग एक, गाद्या दोन. हिची पाठ दिवसभर उभं राहून धरते, म्हणून हिला काथ्याची कडक. माझी हाडं म्हातारी, म्हणून मला कापसाची. बाईंनी मधल्या फटीत हात घातला.

"नवरा-बायकोला वेगवेगळ्या गाद्या?"

"बाई, गादी पाठ बघून शिवतात, नातं बघून नाही," मी हसून म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. "तुमच्या मुलांनीच कचेरीत येऊन जबाब दिलाय. लग्न दिखाव्याचं आहे म्हणून."

"माझी मुलं? पत्ता चुकला असेल तुमचा."

"मुलगी म्हणाली, चादरी मी स्वतः बदलल्यात, गाद्या वेगळ्या आहेत."

मी त्या फटीवरच बसलो. ताई, ज्या दिवशी ही तापाने फणफणली होती, त्या दिवशी तू चादरी बदलल्यास. मला वाटलं, माया फुटली पोरीला. तू मोजमाप घेत होतीस? अजून खरं वाटत नाही. थोरल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "बाबा, तुम्ही भोळे आहात. उद्या घर तिच्या घशात जाईल." घरासाठी! अरे, तोंड उघडून मागितलं असतंस तर जेवता जेवता दिलं असतं. वर दिलंच आहे.

काल निकाल आला. अर्ज नामंजूर, हिने देश सोडावा.

कलम चौथं. हे वाचताना खाली बसा. हिच्याबरोबर मीही जातोय. आज सकाळीच हिच्या देशाच्या वकिलातीत गेलो होतो. साहेबांनी मला विचारलं, "या तुमच्या कोण?" म्हटलं, "बायको." हिला विचारलं, "हे तुमचे कोण?" ही म्हणाली, "घोरतात." साहेबांनी शिक्का मारला. आता हिचा नवरा म्हणून मी तिकडे परदेशी. या वयात सासरी नांदायला निघालोय. तिकडेच डोळे मिटले तर माझं शेवटचं हिच्याच हातून व्हावं. देह इकडे आणायचा खटाटोप कुणी करू नये.

तुम्हाला शिव्याशाप देत नाही. तोंडावर येतात आणि तुमची लहानपणची तोंडं आठवून परत जातात.

सही : तुमचा बाप
साक्षीदार पहिला : शेजारचा शिंपी (कात्रीचं कलम मान्य नाही, असं म्हणून सही केली)
साक्षीदार दुसरी : समोरच्या घरातली सुईण
ठिकाण : दुकानामागची खोली, पलंगावर बसून
दिनांक : निकालाच्या दुसऱ्या दिवशी, बुधवार

ता. क. आम्ही शनिवारी निघतो. जबाब देणाऱ्यांनी स्वतः येऊन तो मागे घेतला तर फेरतपासणी होते, असं तपासणीवाल्या बाई म्हणाल्या. मग हिला राहता येईल, आणि मलाही. कचेरीत जाणार की नाही, एवढं एका ओळीत कळवा. उत्तर लवकर लिहा. कागद मृत्युपत्राचा असला तरी वाट बघणारा जिवंत आहे.