मैनेच्या ओकाऱ्यांची हकिकत

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

तीर्थस्वरूप गंगाभागीरथी अक्का वडील यांचे सेवेसी, धाकटा भाऊ यज्ञेश्वर याचे साष्टांग नमस्कार. मुक्काम पुणे, शनिवार पेठ, शके १७१२, भाद्रपद वद्य पंचमी. येथील कुशल लिहावे तर मी कुशल, घर कुशल, तुळसही कुशल. फक्त तुझी मैना कुशल नाही. तिकडे चिरंजीव श्रीनिवास, सौभाग्यवती श्यामला आणि नवे बाळ यांचे कुशल कळवावे. वाईची हवा तुला फार मानवली असे तिकडे गाडी घेऊन ये-जा करणारे दत्तोबा सांगत होते. इतकी मानवेल असे आम्हाला वाटले नव्हते.

(चिरंजीव श्रीनिवासास अनेक आशीर्वाद. बाबा, एवढा मजकूर आधी मनात वाच. तुझ्या आत्याला अक्षरओळख नाही, तेव्हा पत्र तूच तिला वाचून दाखवणार. मी जिथे जिथे कंस घातला आहे, तिथले तिला ऐकवू नये. ओठही हलवू नयेत, तिला ओठांवरून कळते. आता गोष्ट अशी, की अक्का पौषात वाईला आली ती श्यामलेच्या बाळंतपणासाठी, सव्वा महिन्याकरिता. आज आठ महिने झाले. तू तेव्हा लहान होतास, पण वीस वर्षांपूर्वी तुझी काकू वारली तेव्हा अक्का माझ्याकडे तेराव्यापुरती आली होती. ती वीस वर्षे राहिली. ही बाई जिथे जाते तिथे राहते. मला त्याचीच भीती वाटते.)

आता मैनेचे. मांजरीचे नाव मैना ठेवणारी बाई साऱ्या पुण्यात तू एकटीच, त्यामुळे मी तिला हाक मारली की शेजारचे लोक झाडाकडे बघतात. श्रावणात दत्तोबांबरोबर तुझा निरोप आला, की मैना ठीक असेल तर मला काही घाई नाही, दिवाळीनंतर बघते. निरोप आला तेव्हा मैना माझ्या लेखणीच्या बोरूशी खेळत होती आणि अगदी ठीक होती. मी तिच्याकडे जरा रागाने पाहिले, हे कबूल करतो. (त्याच दिवशी मी देवापुढे नवस बोललो, की अक्का घरी येईपर्यंत रोज एकवीस दुर्वांची जुडी वाहीन. अक्का होती तेव्हा दुर्वा तीच आणायची. ती गेल्यापासून देव बिचारा नुसत्या अक्षतांवर होता.) त्यानंतर चार दिवसांनी मैना पहिल्यांदा ओकली.

ओकली ती मी नुकत्याच नकलून ठेवलेल्या पोथीवर. व्रतकथांची पोथी, आणि पान नेमके ते, जिथे राणीला पश्चात्ताप होतो. पिवळा फेस आणि त्यात हिरवट काहीतरी. मी राख टाकून पुसले. यजमानांनी पोथी नाकाशी नेली तेव्हा शाई नवी आहे म्हणून सांगितले. दुसऱ्या दिवशी मैना उंबऱ्यावर ओकली, तिसऱ्या दिवशी माझ्या जोड्यात, आणि तेही मी पाय घातल्यावर कळले. मग मी कारणाच्या शोधाला लागलो. पहिला संशय दुधाचा. दूध घालणाऱ्या सरुबाईला मी विचारले, की बाई, विहीर तुमच्या म्हशीच्या आधी येते की नंतर? ती तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. दूध मात्र घालते, भांडे जरा जोरात ठेवून. दुसरा संशय माझ्या स्वयंपाकाचा. त्यासाठी मी माझ्या हातचा भात प्रथमच लक्ष देऊन खाल्ला आणि मैनेबद्दल माझ्या मनात आदर उत्पन्न झाला. चतुर्थीला मोदक केले होते, ते सगळे उकडताना फुटले. देवाने चालवून घेतले. मैनेने हुंगले आणि निघून गेली.

तिला बरे वाटावे म्हणून मी देवाच्या दुर्वा वाढवल्या. रोज पाच जुड्या. ओकाऱ्या थांबेनात, तेव्हा दहा केल्या. आता एकवीस जुड्यांवर आलो आहे. एकवीस जुड्या म्हणजे चारशे एकेचाळीस दुर्वा होतात, आणि त्या सगळ्या मुठेच्या काठी वाकून खुडाव्या लागतात. घाटावरच्या बायका मला आता ओळखतात आणि बाजूला सरकून जागा देतात. त्यांना वाटते, याच्या घरी कुणीतरी फार आजारी आहे.

मग दिगंबरशास्त्री वैद्यांना बोलावले. मांजराची नाडी कुठे असते याचा ग्रंथांत उल्लेख नाही असे म्हणून त्यांनी मैनेचे तीन पाय एकामागून एक पाहिले, आणि चौथ्या पायाने त्यांना पाहिले. मनगटाला हळद लावत त्यांनी सांगितले, की ओकारी हिरवी आहे, अर्थात पित्त आहे, मधातून मात्रा द्यावी. मैना मधाला तोंड लावीना. एवढ्या थोर वैद्यांची मात्रा वाया कशी घालवायची, म्हणून ती मी घेतली. त्या दिवशी घरात आम्ही दोघेही ओकलो. माझे झाल्यावर मैना जवळ येऊन बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. इतक्या आपुलकीने आठ महिन्यांत माझ्याकडे कुणी पाहिले नव्हते.

वैद्य झाले, आता पुढे कोण? वाघोलीच्या वाटेवर एका सरदारांची पागा आहे, तिथे हमीदमियाँ म्हणून घोड्यांचे वैद्य आहेत, त्यांचे नाव कुणीतरी सुचवले. मैनेला झाकणाच्या टोपलीत घालून मी पायी निघालो. ती सारी वाट मोठ्याने तक्रार करीत होती आणि माझ्या ओळखीचे एकूण एक लोक नेमके त्याच वाटेने चालले होते. हमीदमियाँनी सगळी हकिकत शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "भटजी, घोडा कधी ओकत नाही. तीस वर्षांत एकही ओकलेला पाहिला नाही. या आजाराचं औषध मी कुठून आणू?" मी उठलो. तेव्हा त्यांनी हात धरून बसवले. म्हणाले, जोडीतला एक घोडा मोहिमेवर गेला की मागे राहिलेला दाणा सोडतो. मग आम्ही गेलेल्या घोड्याची झूल त्याच्यापुढे टाकतो, तो ती हुंगतो आणि थोडे खातो. तुमच्या घरातून कोण गेलं आहे? मी म्हटले, बहीण. यावर ते नुसते बघत राहिले, आणि मांजराकडे नाही.

घरी येऊन मी तुझी जुनी धाबळी पेटीतून काढून जमिनीवर अंथरली. सोवळ्याची धाबळी विटाळल्याचे काय प्रायश्चित्त असेल ते तू सांगशील तसे घेईन. मैना तिच्यावर गोल होऊन झोपली. (दुसऱ्या कोपऱ्यावर मीही डोके टेकले होते. थोडाच वेळ.) सकाळी उठून ती त्याच धाबळीवर ओकली. मी धाबळी धुऊन वाळत घातली आहे. स्वच्छ निघाली, पण आता तिला नुसता रिठ्याचा वास येतो.

राहता राहिला माझा धंदा. तोही तू गेल्यापासून ठीक नाही. नक्कल झाली की मी मोठ्याने वाचायचो, तू समोर दुर्वा निवडत बसायचीस, आणि मान वर न करता म्हणायचीस, यज्ञा, एक ओळ गाळलीस. अक्षर येत नसून हे तुला कसे कळायचे, ते देव जाणे. कथा तुला पाठ होत्या हे खरे; पण मला वाटते, माझ्या आवाजावरूनच तुला कळत असावे. आता मी मैनेला वाचून दाखवतो. ती काहीच चुका काढत नाही. परवा त्याच व्रतकथांच्या यजमानांनी चार लोकांना बोलावून पोथी वाचली, तर राणी वनात गेली ती परत आलीच नाही. सगळे वाट पाहात बसले आणि एकदम आरती आली. माझ्या हातून पानच्या पान राहून गेले होते. यजमान मला रागावले, पण खरे सांगतो, गेलेली राणी परत येते हे लिहायचे माझ्या ध्यानातूनच गेले होते.

तात्पर्य, मैना फार खंगली आहे. वैद्य झाले, पागा झाली, देव झाला. आता तुझ्यावाचून तिला कुणी बरे करील असे दिसत नाही. मांजराला लिहिता येत नाही, म्हणून तिच्या वतीने मी चार अक्षरे खरडली. मोठ्या बहिणीने लहानांवर जितका लोभ करायचा असतो, तितका मैनेवर असू द्यावा.

ताजा कलम. पत्र घडी करून दत्तोबांकडे दिले होते, ते परत मागून घेतले. निघताना कुणी शिंकले म्हणून त्यांनी प्रस्थान पुढे ढकलले आहे. मधल्या काळात एक नवीन प्रकार कळला. मी संध्याकाळी दुर्वा आणून पाटीत भरतो, वर ओले फडके घालतो आणि पाटी देवघरापाशी जमिनीवर ठेवतो, पूजा सकाळी. आज पहाटे सरुबाई दूध घेऊन आली, आत डोकावली आणि इतक्या दिवसांचे मौन सोडून म्हणाली, "अवो काका, मांजर चरतंय की तुमचं." पाहतो तर मैना फडके बाजूला सारून पाटीत तोंड घालून बसली होती आणि दुर्वा खात होती. सरुबाई मूळची लोणीची, तिला जनावरांचे कळते. ती म्हणाली, "पोट साफ कराया मांजर गवत खातंच. पर रोज येवडा चारा म्होरं ठिवल्यावर वकंल न्हाई तर काय करंल? अक्का पाटी खुंटीला लावत व्हत्या. त्या काय येड्या व्हत्या व्हय?"

अक्का, ती खुंटी वीस वर्षे माझ्या डोळ्यांसमोर आहे. तू टाचा उंचावून पाटी तिथे टांगायचीस. खाली जागा असताना ही बाई रोज एवढी का ताणते, असे मला वाटायचे, आणि मी कधी विचारले नाही. मी तुझ्यापेक्षा हातभर उंच आहे. एकदाही उठून टांगली नाही. म्हणजे मैना ओकली म्हणून मी दुर्वा वाढवल्या, आणि दुर्वा वाढवल्या म्हणून ती आणखी ओकली. देवाला काय वाटले असेल ते विचारायची सोय नाही. दिगंबरशास्त्र्यांना यातले काही कळवू नये असे ठरवले आहे.

ताजा कलम दुसरा. (हा सगळा कंस आहे. श्रीनिवास, पाटी मी अजून खालीच ठेवतो आहे. सरुबाईने सांगितल्याला दोन दिवस झाले. मैना बरी झाली तर अक्काला घाई नाही, हे तिने स्वतःच कळवले आहे. आणि मैना आजारी राहिली तर मला लिहायला काही राहते. असा विचार मी केला. काल संध्याकाळी पाटी ठेवली, फडकेसुद्धा नीट घातले नाही. आज सकाळी मैना ओकायला लागली ती माझ्या पायाला टेकून. आधारासाठी. मला माझी फार लाज वाटली. पाटी आता खुंटीला आहे.)

ताजा कलम तिसरा. दत्तोबांचे प्रस्थान आणखी तीन दिवस लांबले, त्यांच्या बैलाचा पाय मुरगळला आहे. मी हमीदमियाँचे नाव सांगितले. येताना जमले तर मेतकूट आणावे. मी केले होते, त्याला मैनेने आणि मी वेगवेगळ्या वेळी नकार दिला. मैनेविषयी लिहायचे तर प्रकृतीला उतार आहे, पण अजून भरवसा धरता येत नाही. (तीन दिवसांत एकदाही ओकली नाही. भात खाते, मोदकाचे सारणसुद्धा खाल्ले. दिवसभर खुंटीखाली बसून वर बघते. मैना ठीक आहे, श्रीनिवास. मी ठीक नाही. नवस चालूच आहे आणि कंबर गेली आहे. अक्काला मात्र मैना अजून ओकते असेच सांग.)

ताजा कलम चौथा. दत्तोबा निघाले. गाडी दारात उभी आहे आणि ते खालून हाका मारीत आहेत. श्रीनिवास, कंसातले वाचू नये असे मी आरंभी लिहिले आहे, ते आणि वरच्या कंसातले शेवटचे वाक्य, दोन्ही रद्द समज. खोडत बसायला आता वेळ नाही. पत्र पुन्हा पहिल्यापासून वाच, कंसांसकट, आणि मोठ्याने. अक्का समोर दुर्वा निवडत बसली असेल. एकही ओळ गाळू नकोस. गाळलीस तर तिला कळेल.