घोडीच्या तोंडाला बसेल अशी कडी

मामंजी, तुम्ही होता तोवर या नावानं मी तुम्हाला एकदाही हाक मारली नाही. सासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं नाही, ही रीत मी बेळगावकडून येताना सोबत घेऊन आले होते, आणि घरात सासूबाई नसल्यानं आपल्या दोघांत निरोप सांगायलाही कुणी नव्हतं. गोव्यात तेव्हा राजभाषेचं आंदोलन पेटलं होतं. कारापूरच्या आपल्या ओसरीवर येणारी माणसं कोंकणी की मराठी यावरून हमरीतुमरीवर यायची आणि मी आत कुठल्याच भाषेत बोलत नसे. बोलायचे ती गोठ्यात, घोडीशी. तीही माझ्याच मुलखातली, तुम्ही गाडीला जुंपायला बेळगावहून आणलेली. शेजाऱ्यांनी तिला नवं नाव सुचवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "नांव बदल्यार तिका कशें कळटलें, आपणाक उलो मारतात म्हूण?" आपल्यालाच हाक मारतात हे तिला कसं कळणार! मी दाराआड तांदूळ निवडत होते. माझं नवं नाव तुम्हीच ठेवलं होतं, लग्नात, मला कुणी न विचारता. हात थांबला तो आठवतो.

अजून ती डोळ्यांसमोर दिसते. तुम्ही लगाम हातात घेता, जरा ताण आला की ती मान वर फेकते, तोंड वासते. लगाम सैल सोडला की शहाणी. पण खाणीच्या ट्रकांच्या त्या रस्त्यावर सैल लगाम म्हणजे जिवाशी खेळ. एकदा नारळांनी भरलेली गाडी ट्रकसमोर आडवी झाली आणि तुमच्या लेकानं, माझ्या नवऱ्यानं, घरी येऊन निकाल दिला: काटेरी लगाम घाला, नाहीतर घोडी लग्नात घोडे भाड्यानं देणाऱ्या वरातीवाल्याला विकून टाका. तो वरातीवाला गणपतीच्या चवथीनंतर तिला बघायला येणारही होता. ती गेली असती तर त्या घरात मी बोलणार कुणाशी?

"काटे लायल्यार रावतली, पूण भियान," थांबेल, पण भीतीनं, एवढंच तुम्ही म्हणालात. मग तिच्या तोंडातल्या लोखंडी कडीला जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळल्यात, वर खोबरेल चोळलंत. कडी जितकी जाड तितकी मऊ, असं तेव्हा सगळेच धरून चालायचे. घोडी आणखीच बिथरली. दुसऱ्या दिवशी तुम्ही गोठ्यात तिच्यापुढे हताश उभे होता, मी गवताचा भारा घेऊन दारात. तिचा जबडा मिटत नव्हता, जीभ एका बाजूनं लोंबत होती. माझ्याही नकळत मी बोलून गेले, "चिंध्यांनी तोंड भरलंय तिचं. जीभ ठेवायला जागाच न्हाई."

तुम्ही मागे वळून पाहिलं नाहीत. पाहिलं असतंत तर मी पळालेच असते. शांतपणे कडी काढलीत, बोटानं ओठ वर केलात. जीभ जाड, टाळू खाली उतरलेला. कडीला मधोमध एकच सांधा होता. लगाम ओढला की तो वर टाळूत रुतायचा आणि ओठाचे कोपरे चिमट्यात सापडायचे. तिथं सोलवटलं होतं. "खरेंच गो बाय," तुम्ही म्हणालात.

जखमा भरेपर्यंत तुम्ही तिला जुंपलं नाहीत. डिचोलीच्या लोहाराकडून पातळ, गुळगुळीत कडी करून आणलीत; दोन सांध्यांची, मध्ये जिभेवर सपाट बसेल असा छोटा तुकडा. ती आधी स्वतःच्या उघड्या दंडावर ठेवलीत आणि लगाम माझ्या हाती दिलात. "ओड. भियेव नाका." मी ओढला. "हांगा चिमटता," म्हणत तिथली कड तुम्ही कानशीनं घासून काढलीत. मग पुन्हा ओढायला लावलंत.

मग कडीला गूळ लावून ती घोडीच्या तोंडात दिलीत. घोडी चघळायला लागली, ओठांवर फेस आला, मान आपोआप खाली आली. तुम्ही मला गाडीवर शेजारी बसवलंत आणि लगाम दिलात. "ओडूं नाका. तूं आसा म्हूण तिका कळूं दी, इतलेंच." कातड्याच्या पट्ट्यातून तिच्या तोंडाची हालचाल माझ्या बोटांना कळत होती. समोरून ट्रक आला. ती थरथरली, पण माझा हात सोडून कुठं गेली नाही. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

वरातीवाला चहा पिऊन, घोडी न घेताच परत गेला. त्या संध्याकाळी कडी धुताना तुम्ही, माझ्याकडे न बघताच, मला कुठं लागतं ते विचारलंत, "आनी तुका? तुका खंय लागता?"

"कांय ना," मी म्हटलं. तुमच्या भाषेतले माझे ते पहिले शब्द.

काल माझ्या धाकट्या मुलाच्या लग्नाच्या बोलण्यांत भटजींनी विचारलं, सुनेचं नाव काय ठेवायचं. मी म्हटलं, तिला नाव आहे. सगळे माझ्याकडे बघत राहिले. ती कडी अजून स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. रात्री तिला तेल लावलं आणि तुम्हाला हे लिहायला बसले. तुमच्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर आता दिलं, नावापाशी लागतं म्हणून, पण पाठवायचं कुठं? खाली सही करावी म्हणून माहेरचं नाव लिहायला घेतलं. पहिल्या अक्षरावरच हात अडला. त्या नावाची सही मी कशी करायचे, ते मला आठवत नाही, मामंजी.