सुनेनं बनवलेली बिअर

रविवार, परभणी

दादा न जेवता पोखर्णीला परत गेला. जाऊ दे. थोरला भाऊ झाला म्हणून काय काहीही बोलायचं?

पल्लवी, माझी सून, इथल्या एका छोट्या बिअर कारखान्यात बिअर बनवते. स्वतः केलेल्या तीन बाटल्या तिनं मला चव बघायला आणल्या होत्या. मी ग्लास काढत होते, तेवढ्यात दादा आला.

"सुमे, तुझी सून दारू गाळायलीय, अन् तू ग्लास मांडायलीस?"

पल्लवीनं मान खाली घातली. ती खाली गेलेली मानच मला बघवेना. दादासमोरच ग्लास तोंडाला लावला. जन्मात पहिल्यांदा. पहिली लय कडू, दुसरी आंबट. तसं तोंडावर सांगितलं. तिची मान खालीच. तिसरी ज्वारीची. तिला तव्यावरच्या भाकरीचा वास.

"ही जमली गं," म्हटलं. तेव्हा कुठं मान वर आली.

दादा उठला. "माझ्या पोरीच्या साखरपुड्यात सगळ्यांना सांगू का हे?"

"सांग की. चव कशी हाय विचारलं, तर माझ्याकडं पाठव."

जास्त बोलले का मी? नाही. तो गेल्यावर ज्वारीची बाटली आम्ही दोघींनी मिळून संपवली.