होळीपर्यंत पानमळा

९ नोव्हेंबर, रविवार
आईंनी पानमळ्याची जागा दिली. दिली म्हणजे होळीपर्यंत वापरायला. सासरे गेल्यापासून तिथे ना वेल, ना मांडव. फक्त एक घोणस राहते असा संशय. तरी वाटाघाटी दोन दिवस जेवणांवर चालल्या.
"मातीशिवाय भाजी? मग ऱ्हानार कशात?"
"नळ्यांत, आई. पाण्यात."
"म्हंजे भाजी नाय, मासळीच की."
शेवटी हात धुता धुता निकाल : "होळीपर्यंत दोन गिऱ्हाईकं टिकवून दाखवा. नाय तर मी परत वेल लावनार. केळव्याच्या भाचीला बेन्यासाठी सांगून ठेवलंय."
सु. म्हणाला, "चालेल." कंपनीत आयुष्यभर शिफ्ट सांभाळलेला नवरा. कोणी साहेबी आवाजात बोललं की मान हलतेच. व्हीआरएस घेतल्यापासून साहेब एकच उरलाय, तो लुगड्यात असतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
खडी पडली. शेडवर जाळीचं छप्पर चढलं. पांढऱ्या नळ्यांची मांडणी पाहून शेजारचे विचारून गेले, एवढं प्लंबिंग कशाला, पाहुणे येणार आहेत का.
दुपारी आईंचा हुकूम. पानमळ्यात चपला घालून जायचं नाही.
मी : "आई, आता मळा कुठाय? खडी आहे."
"जागा तीच हाय ना?"
सु. अनवाणी खडीवर. चाल अशी, की लग्नात बूट पळवलेला नवरदेव.

१५ नोव्हें.
संपादकांचा फोन. सदराला या आठवड्यात काय? घरात एवढा कच्चा माल पडलाय आणि सु.ला शब्द देऊन बसलेय, होळीपर्यंत त्याच्यावर एक ओळ लिहायची नाही. म्हणून नगरपालिकेच्या गटारांवर लिहिलं. गटारं कधीच रागावत नाहीत.
सु.चं मात्र इथे उतरवणार. वहीला शब्द दिलेला नाही.

२८ नोव्हेंबर
रोपं नळ्यांत बसली. नळीला भोकं, भोकात जाळीचा कप, कपात रोप, खाली मुळाशी पाण्याची पातळ धार. टाकीतलं पाणी पंप वर चढवतो, ते उतारानं फिरून परत टाकीत. खत त्याच पाण्यात विरघळवलेलं. सगळ्या झाडांचं एकच पाणी. सु.नं हे मला इतक्यांदा सांगितलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन, आणि तो झोपेतही विचारेल.
पीक : लेट्यूस. कोबीला जन्मतः अशक्तपणा आला तर जसा दिसेल तसं.
सु. सकाळ-संध्याकाळ टाकीत खत मोजायचा मीटर बुडवतो. आमच्या मुलाचा ताप त्यानं एकदाही पाहिला नव्हता.

६ डिसेंबर, शनिवार
मनोरकडच्या हायवेवरच्या हॉटेलचे मुख्य खानसामे येऊन गेले. पांडेजी. बर्गरला पानं हवीत. आईंनी ओट्यावरूनच बूट काढायला लावले. मोजे ठिपक्यांचे. खडीवर चार पावलं गेले आणि म्हणाले, "भाभीजी, ये तो मुफ्त में एक्युप्रेशर हो गया."
पान तोडून खाल्लं, कुर्रकन वाजलं. खूश. एक जानेवारीपासून आठवड्यातून दोनदा. सांगितलेला दर मान्य.
सु. हवेत. आई ओट्यावरून : "त्यानं भाव पाडून मागितला का?"
"नाही. लगेच हो म्हणाला."
"मग तो गिऱ्हाईक नाय. पाहुना हाय. घासाघीस करतो नि तरी परत येतो, तो गिऱ्हाईक."
अर्थशास्त्रात एम.ए. केलेला माझा भाऊ हे एवढ्यात सांगू शकला नसता. तीन तास घेतले असते.

२१ डिसेंबर, रविवार
मार्गशीर्ष संपला. महिनाभरानं दारात हिरा. दांडीहून मासळीची टोपली घेऊन सकाळच्या रिक्षानं बोईसरच्या बाजारात जाते, वाटेत आधी आमच्याकडे. आईंचं आणि तिचं नातं माझ्या लग्नाहून जुनं.
"काकी, महिनाभर पालेभाजीवर ऱ्हायलात, तोंड बघा कसं झालंय."
"तू महिनाभर भाव पाडत बसलीस, तुजं बघ."
बोंबील. आई दोन वेळा जेवल्या, तिसऱ्यांदा नुसता रस्सा ओरपला. घराला परत घराचा वास आला.

२७ डिसें., शनि.
शेडमध्येही घराचा वास येतोय. सु. म्हणतो भास. मग म्हणतो पंप. मग म्हणतो शेजारी.
मीटरचा आकडा रोज वर. सु.नं मीटर दोनदा नीट करून पाहिला, मग दुसरा मागवला. दुसराही तेच सांगतो. आता दोन मीटर आणि एक नवरा, तिघंही चक्रावलेले.

२९ डिसेंबर, सोमवार
रोपं माना टाकून. सु.नं एक कप उपसला. मुळं पांढरी असायची ती तपकिरी, बुळबुळीत, शेंबडासारखी. मी टाकीचं झाकण काढलं आणि दोन पावलं मागे आले.
आई ओट्यावरून, अगदी अभिमानानं : "काय झालं? मी तर रोज घालते पानी."
"कसलं पाणी, आई?"
"मासळी धुतलेलं. दोन तांबे, सांजचे. वेलींना काय घालायचो आमी? हेच. कढीपत्त्याला? हेच. तुमी पोरांना नुसत्या औषधाच्या पान्यावर वाढवताय, मला बघवना."
मातीनं ते पाणी पोटात घेतलं असतं. खालचे किडेमुंग्या जेवले असते, मग मुळं जेवली असती. इथे पोटच नाही, नुसत्या नळ्या. दोन तांब्यांचं पाणी फिरून फिरून प्रत्येक झाडाकडे गेलं आणि तिथेच सडलं.
सु.नं मुळांचा तो कप आईंना दाखवला, एवढंच. त्यांनी हात लावला, वास घेतला, पदराला बोटं पुसली.
"माज्या हातानं आजवर एक वेल मेला नाय," म्हणाल्या. आत गेल्या.
माझ्याकडे एक फर्मास वाक्य तयार होतं. वापरलं नाही. इथेही लिहीत नाही.

१ जानेवारी
इतरांचं नवीन वर्ष. आमची ब्लीचिंग पावडर. सगळ्या नळ्या सोडवून घासल्या. लेट्यूस खड्ड्यात.
पांडेजींना फोन. "कोई बात नहीं भाभीजी, फरवरी में देखते हैं." पाहुणे असंच बोलतात.
फेब्रुवारी संपला की होळी.

४ जाने.
नवं बी भिजत. आई शेडकडे पाठ करून बसतात. पूर्वी बसायच्या तो कोपरा सोडलाय. जेवताना मला म्हणाल्या, "बेनं चांगलं बघून पाठव म्हनलंय भाचीला." सु.नं ऐकलं. भात जास्त कालवला.

११ जानेवारी, रविवार
आज सु.नं जे केलं ते माझ्या डोक्यातून येतं तर मी आठवडाभर मिरवलं असतं.
मोरीच्या पाण्यावर आईंचा पुदिना आहे. मासळीचं पाणी पिऊन माजलेला. सु. आईंसमोर जाऊन उकिडवा बसला. "आई, अर्ध्या नळ्या रिकाम्या आहेत. तुझा पुदिना देतेस? लावायचा कसा तेही सांग. मला लेट्यूसच येतं, तेही तू बघितलंस."
आईंनी पुदिन्याकडे बघून घेतलं. मग, "इळा आन."
स्वतः कापून दिला. "कांडीला डोळा ठेव. खालची पानं काढ. नि त्या नळीत मी पाय ठेवनार नाय, सांगून ठेवते."
"नळीत कोणीच पाय ठेवत नाही, आई," मी.
"तू गप."
तेरा दिवसांनी पहिला टोमणा मला मिळाला. बरं वाटलं.

२५ जाने.
पुदिन्याला मुळं. पांढरी, आजोबांच्या दाढीसारखी. सु. दाखवायला कप घेऊन ओट्यावर गेला. आई : "दिसलं." पण चष्मा लावून दिसलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
शुक्रवार म्हणजे लाईट जाणार. मी आत लिहीत, सु. बोईसरला नट-बोल्ट आणायला. एकदम ओट्यावरून आवाज : "नीता! ए नीता! पंप थांबला!"
मला कळलंच नव्हतं. पंपाची घरघर आता घड्याळासारखी झालीय, ऐकूच येत नाही. यांना येत होती. पाठ करून बसल्या होत्या तरी.
जनरेटरची दोरी मी ओढली, चौथ्या झटक्यात लागला. आई दाराबाहेर उभं राहून सूचना देत होत्या. आत मात्र पाऊल नाही.

१० फेब्रु.
हिरानं पुदिना पाहिला. मुळासकट उपटून हातात घेतला. "वैनी, ह्यो बाजारातल्यासारखा दुपारपर्यंत मान नाय टाकायचा. जित्ता हाय. दे चार जुड्या. पापलेटवाल्या बाया चटनीला पुदिना मागतातच, मी भाजीवाल्याकडं पाठवते त्यांना. आता का पाठवू?"

१४ फेब्रुवारी, शनि.
पांडेजी परत. लेट्यूस तयार. बूट न सांगता काढले. या खेपेला मोजेही काढले, शहाणे झाले. क्रेट भरता भरता म्हणाले, "भाभीजी, थोडा कम करो ना. हर हफ्ते का आदमी हूँ."
सु. आणि मी एकमेकांकडे पाहिलं. घासाघीस! सु. इतका हरखला की तिथल्या तिथे दर उतरवून मोकळा.
ओट्यावरून गर्जना : "एकदम उतरू नको, मुडद्या! त्याला आधी दोनदा जाऊ दे!"
पांडेजींना मराठी येत नाही. पण दोनदा गाडीपर्यंत जाऊन आले. ही भाषा बहुतेक सगळीकडे एकच.

२२ फेब्रुवारी
हिरा चौथ्यांदा पुदिना घेऊन गेली. बदल्यात कधी पैसे, कधी बोंबील. सु.नं जेवताना विषय काढला. पांडेजी एक, हिरा दोन. झाली की दोन गिऱ्हाईकं.
आई : "हिरा कसली गिऱ्हाईक? घरातली हाय. बोंबील देऊन पुदिना नेते. ते देनंघेनं."
मी : "नियम तुमचाच, आई. घासाघीस करते, परत येते."
"ती माज्याशी चाळीस वर्सं घासाघीस करते. म्हनून काय मी मासळी झाले?"
सभा तहकूब.

२५ फेब्रु.
हिराला कोणीतरी सांगितलं. (मी.) सकाळी दारातूनच : "काय काकी, मला गिऱ्हाईकीतनं काढलंत म्हने? आज रोख देनार. नि जुडी बारीक हाय, भाव कमी करा."
"बारीक? डोळे कुठं ठेवून आलीस, जाळ्यात?"
पाऊण तास. हिराची रिक्षा गेली, दुसरी आली. शेवटी हिरानं रोख दिले, आईंनी एक जुडी वर घातली. दोघी दमल्या, दोघी खूश.
गिऱ्हाईक मोजलं का ते सांगितलं नाही. विचारायची हिंमत सु.मध्ये नाही, माझ्यात आहे पण यावेळी वापरायची नाही.

२८ फेब्रुवारी
केळव्याहून बेणं आलं. पानवेलीच्या कांड्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून विहिरीच्या कडेला. भाचीनं खरंच चांगलं बघून पाठवलंय. सु. दिवसभर त्या गोणपाटाला वळसा घालून चालला. ऊनही चढतंय, मीटर टाकीचं पाणी कोमट सांगतो. लेट्यूस आता कडू व्हायला टपलेलं.
संपादक : "होळी विशेष काय देताय?" म्हटलं, बघू. होळीचं अजून ठरायचंय.

१ मार्च, रविवार
परवा होळी.
सकाळी चहा घेऊन बाहेर आले, आई ओट्यावर नाहीत. मोरीवर नाहीत. शेडच्या दाराशी त्यांच्या चपला. जोडीनं, टोकं बाहेरच्या बाजूला, मळ्यात जाताना काढून ठेवायच्या तशा.
मी गेले नाही. चहा प्यायले, बाहेर आलेल्या सु.ला कोपरानं थांबवलं. दोघं दारात, चोरासारखे, आपल्याच घरात.
आई बाहेर आल्या, चपला घातल्या, आमच्याकडे न बघता, "पोह्यांना कांदा जास्त घाल गो," म्हणाल्या आणि आत.
मग आम्ही गेलो. पुदिन्याच्या शेवटच्या नळीत, टोकाच्या रिकाम्या कपात, पानवेलीची एक कांडी. केळीच्या सोपटानं काठीला बांधलेली, सासरे बांधायचे तशी सैल गाठ. एकच. बाकीचं बेणं विहिरीपाशी, तसंच ओलं.
सु. बराच वेळ वाकून बघत राहिला. मग मीटर टाकीत बुडवला, आकडा पाहिला आणि अगदी हळू विचारलं, "नीता, पानवेलीला किती लागतं गं?"
मला काय माहीत. ओट्याकडे बोट केलं.
पंपाची घरघर. सु. खडीवरून अनवाणी निघालाय, विचारायला.