जागची न हलणारी इच्छा

प्रिय दादा,

सात वर्षांनी माझं पत्र आलेलं पाहून तू आधी पाकीट उलटंसुलटं करशील आणि मग म्हणशील, शब्दकोशवाल्या साहेबांना बरी आठवण झाली! म्हण. तेवढा हक्क आहेच तुला. पण फाडू नकोस, आज तुला एक शब्द सांगायचाय.

व्हेलीइटी. इंग्रज माणूससुद्धा सहसा वापरत नाही. गेल्या महिन्यात आमच्या कोशासाठी त्याची नोंद माझ्याकडे आली. अर्थ असा, की एखादी गोष्ट करावीशी वाटते, पण ती इच्छा इतकी अशक्त असते की माणूस जागचा हलत नाही. मनात मांडे खाणं म्हणावं, तर त्यात निदान चव असते. आळस म्हणावं, तर आळशाला मुळात काही करायचंच नसतं. दादा, मी अर्धा तास त्या ओळीकडे बघत बसलो. शेकडो वर्षांपूर्वी, मी कधी न पाहिलेल्या मुलखात, कुणाला तरी स्वतःच्या मनातली एवढी बारीक कुचराई दिसली आणि त्याने तिला नाव दिलं! अंगावर काटा आला माझ्या. माझी सात वर्षं त्या एका शब्दात मावत होती.

आमच्या संपादकबाईंचा एक नियम आहे. अर्थ कितीही नेटका लिहा, शेजारी वापराचं वाक्य हवं आणि ते लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या जगण्यातलं हवं. पुस्तकी वाक्य त्यांना वासावरून कळतं. मी लिहिलं, त्याला पहाटे उठून धावायचं होतं. नोंदीचं कार्ड परत. त्याला बासरी शिकायची होती. पुन्हा परत, खाली शेरा: हा ‘तो’ कोण? तिथेच माझं घोडं पेंड खात होतं. शेवटी चिडून लिहिलं, दादाची माफी मागायचं मी सात वर्षं रोज मनात आणतो. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि सही केली.

कशाची माफी, ते तुला ठाऊक आहे. माझ्या शिक्षणासाठी तू शाळा सोडून बाइंडिंगच्या दुकानात लागलास. तिथे शिवायला आलेल्या जाडजूड डिक्शनरीतून, पुठ्ठ्यांवरची खळ वाळेपर्यंत, रोज मला एक शब्द शिकवलास. उच्चार निम्मे चुकीचे असायचे तुझे, अर्थ एकही नाही. आणि सात वर्षांपूर्वी माझ्या सत्काराला मी मास्तरांपासून ग्रंथपालापर्यंत सगळ्यांची नावं घेतली, तुझं सोडून. विसरलो नव्हतो रे. समोर बडी मंडळी बसली होती, तुझ्या नखांत सरस होता, आणि मला लाज वाटली. तू शेवटच्या रांगेतून उठलास, जेवायलाही थांबला नाहीस.

काल वहिनीने तुला चोरून फोन केला, तिच्यावर रागावू नकोस. डॉक्टर म्हणतात, दोनेक महिन्यांत तुला अक्षर दिसेनासं होईल. मग हे पत्र तुला पोरांकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि त्यांच्या काकाला त्यांच्या बापाची लाज वाटली होती, हे त्यांच्याच तोंडून ऐकावं लागलं असतं. ते नको. म्हणून जाड पेनाने, एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय. हे तुझं तूच वाच. चुकलो मी, दादा. रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. दार तू उघड.

तुझाच,
धाकटा